पाचवीचा कागद

रंग: गोरा. उंची: बापाहून चार इंच जास्त. रडणं: नको. हसरा: हो.

ही बाजू गजानं खाली केली आणि कोरी बाजू वर ठेवून कागद पाट्यावर पसरला. दहिवलीच्या गुरुजींकडून दौत-टाक मागून आणताना कागद मागायचा राहिला होता. घरात हा भरलेला छापील फारम एवढाच होता.

दिवेलागण झाली. गोदूबाईनं पाट्याला हळदकुंकू वाहिलं, कागदाशेजारी दौत-टाक मांडला. आज बाळाची पाचवी. आज सटवाई येऊन त्याचं नशीब लिहिणार.

"कोरा हाय ना रं, गजा? लिवलेल्यावर ती लिवत नाय."

"कोराच हाय, आये."

खाटेवर जया बाळाला घेऊन बसली होती. पाच दिवसांत ते एकदाही रडलं नव्हतं. सुईण हिरूनं उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हाही नाही. श्वास ठीक. दूध ठीक. डोळे मात्र सतत उघडे.

"फारमावर 'नको' कशाला लिवलंत?" जयानं नवऱ्याला विचारलं.

"पळसदरीचा डॉक्टर बोलला, काय पायजे ते पोटात राहायच्या आदी सांगा, मागनं बदलत नाय." गजा खाली बघत म्हणाला. "शेजारच्या चांगोचं पोर सगळी आळी जागी ठेवतं. म्हटलं, तुला झोप मिळंल."

"झोप!" गोदूबाई फणकारली. "तुझा डॉक्टर काय सटवाईचा बाप हाय?"

"आत्याबाई, मला दुसरं काय नको," जया म्हणाली. "तिनं आज याच्या नशिबात एक रडं लिवावं. एकच."

रडणं: नको.

सकाळी दाराची आतली कडी तशीच होती. टाकाचं टोक ओलं होतं. कागद उलटा झाला होता, छापील बाजू वर. सगळ्यात खाली, गजाच्या सहीखाली, शाईचा एक ठिपका. लिहायला टाक टेकवावा आणि उचलून घ्यावा, तेवढाच.

गोदूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं छापील ओळींवरून बोट फिरवलं. मग मुलाकडे पाहिलं.

"वाचून गेली," ती म्हणाली.



जयानं बाळाचं पाऊल हातात घेतलं आणि टाचेला चिमटा काढला. रंग: गोरा. वळ लगेच उमटला. तिनं दात आवळले आणि नख रुतवलं. बाळानं मान वळवली, सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

आणि ते हसलं.

गोदूबाई भिंतीपर्यंत मागे सरकली.

"एवढ्याशा पोराला सटवाई हसवते गं, जये. ती तर गेली." तिनं पदर तोंडाशी धरला. "मंग ह्याला हसवतंय कोण?"