बाहेरची कडी

विद्यापीठाला खेटून असलेल्या वस्तीत इतकं कमी भाडं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे संशोधक विद्यार्थिनीने जिना चढतानाच ताडलं. परवडणारी दुसरी खोली दोन तासांवर होती. इथे खिडकीत निमूट झाड होतं. दाराला कडी मात्र बाहेरूनच. “आतून कशी नाही, मावशी?” घरमालकीण हसली. “लेकीचा हट्ट गं. परीक्षा आली की म्हणायची, आई, कोंडून घाल, नाहीतर गावभर उंडारेन. दहा वर्षं झाली कडीला. हवी तर काढून आत लाव.” मावशीने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. भिंतींत ओल जिरली होती, बिजागऱ्या तांबारल्या होत्या. विद्यार्थिनीने कडी सोडवली; तिच्या तळहातावर उतरलेले कडीचे स्क्रू तेवढे कोरे करकरीत होते. “विषय कोणता तुझा?” मालकिणीने मायेने विचारलं. “लोखंडाचा गंज,” म्हणत तिने स्क्रू परत दिले. दोन तासांवरची खोली तिला एकाएकी जवळची वाटली.