टोफूचं दुकान पडत नाही

राक्षसाचा पाय खाली आला, पण टोफूचं दुकान पडलं नाही.

बाकी सगळं पडलं होतं. पूल पडला, टपाल कचेरी पडली, शाळा तर शेपटीच्या एका फटक्यात गेली. गुडघ्याएवढं तोक्यो, दीड महिना खपून सेटवर उभं केलेलं, अर्ध्या मिनिटात भुगा. आणि कोपऱ्यावर ते एक दुकान खुशाल उभं. राक्षसाने पुन्हा लाथ घातली. चार कौलं उडाली, बस.

"आई गं!" राक्षस ओरडला.

"बंद! कॅमेरा बंद करा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. दोघांनी राक्षसाची पाठ उघडून मुरोताला कमरेपर्यंत बाहेर ओढलं. त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. पहिल्या सिनेमापासून राक्षसाच्या आत हाच माणूस. हा तिसरा सिनेमा.

दिग्दर्शक कुसाका वही आपटत आला. "शिओमी!"

शिओमी सुतार. तिन्ही सिनेमांतली घरं त्याच्याच हातची. घर बांधणं सोपं असतं, नीट पडणारं घर बांधणं अवघड. भिंती आतून अर्ध्या कापून ठेवायच्या, म्हणजे पाय लागला की घर मान टाकतं. शेकडो घरं त्याने अशी कापली होती. एक चुकलं नव्हतं.

"हे का नाही कापलंस?"

"राक्षस पुलापाशी डावीकडे वळणार होता, साहेब. हे लांब मागे दिसणार होतं नुसतं."

"ते सकाळीच बदललं! तू माझ्यासमोर उभा होतास. बैलासारखी मान हलवत होतास!"

होता की. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"आता हे एकच उरलंय, तर हेच पडताना घेऊ. दहा मिनिटं देतो. नाही पडलं तर उद्यापासून येऊ नकोस. आणि दारातलं काही हलवू नकोस, आधी घेतलेल्या चित्रणाशी जुळलं पाहिजे."

शिओमीने बारीक करवत घेतली आणि रस्त्यावर पोटावर आडवा झाला. त्याचे पाय शाळेच्या ढिगात गेले. मागची भिंत काढून त्याने हात आत घातला. आत खरे खांब होते, खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. एक खिळा नाही. हे काम त्याने जेवणाच्या सुट्टीत केलं होतं, लोक भात खात होते तेव्हा.

करवत लावली. हात चालेना.

"दादा, पोलादाचं घर बांधलंस की काय?" मुरोता शेजारच्या खोक्यावर बसून जवाचा गार चहा ढोसत होता. खाली राक्षसाचे पाय, वर घामेजलेला माणूस. "अंगठ्याचा पार लगदा झाला माझा. आणि डोकं फिरलंय कुसाकाचं. पण ऐकलंस का, पुढच्या भागात मी शहर वाचवणार आहे म्हणे. पोरांना आवडतो ना आता मी. खेळण्यांच्या दुकानात लटकतोय."

"जरा आधी वाचवायचं होतंस."

मुरोताचा चहा तोंडापाशीच थांबला. त्याने वाकून दुकानाकडे पाहिलं. आत शिरताना पायातलं जिथे काढून ठेवतात, तिथे लाकडी चपलांचे दोन जोड होते. तांदळाच्या दाण्याएवढे. एक मोठा, एक लहान. पट्ट्यांना लाल रंगसुद्धा दिलेला.

"हे कॅमेऱ्यात कुठे दिसणार आहे रे?"

"नाही दिसणार."

"मग?"

शिओमीने करवत एकदा ओढली. मग म्हणाला, "फुकागावात होतं हे, आमचं. लढाईच्या शेवटच्या मार्चात बॉम्ब टाकायला विमानं आली तेव्हा गेलं."

"कोण होतं आत?"

"आई. धाकटी बहीण."

मुरोताने पुन्हा चपला पाहिल्या. "तुझा जोड?"

"माझा नाही. मी बाहेर होतो."

करवत चालू झाली, खर्र खर्र, एकेक खांब. भुसा चपलांवर पडला तर शिओमीने तो फुंकून काढला.

"झालं का?" कुसाका लांबून ओरडला.

"झालं, साहेब," शिओमी म्हणाला. मागची भिंत परत बसवली, उठला, गुडघे न झटकताच दिव्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

मुरोताला पुन्हा कातड्यात कोंबलं, पाठ बंद केली. दिवे पेटले. सेटवर भट्टी झाली. कॅमेरा घरघरू लागला. राक्षस भुग्यातून चालत आला, धप्प, धप्प. दुकानासमोर येऊन त्याने पाय उचलला.

आणि तसाच धरला.

"मुरोता! पाय!" कुसाका किंचाळला. "फिल्म जातेय!"

पाय हवेत थरथरत होता. शंभर किलोचं रबर एका पायावर. राक्षसाचं मुंडकं जरासं खाली झुकलं, आणि मानेच्या भोकांतून दबका, धापा टाकणारा आवाज आला. कुणाच्याही घरी गेलं की दार सरकवताना लोक म्हणतात ना, तेच.

"येतोय हं घरात. तुम्हाला त्रास देतोय."

या कॅमेऱ्यांबरोबर आवाज घेतच नव्हते, तो नंतर भरायचे. म्हणून कुसाका नुसता पायाकडे बघत राहिला. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले.

पाय अजून वरच होता. पाहुणा दारात थांबतो तसा.

शिओमीने दिव्याचा खांब घट्ट धरला.

"या," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने. "या, या. आत या."