प्रस्तुत संदर्भात

"सर, आज थोडंच बोला हं," वकीलबाई म्हणाली आणि तिने सरांच्या कोटाचं बटण लावलं. ती सरांची विद्यार्थिनी. वाद घालायची म्हणून सरांनीच हे नाव ठेवलेलं.

"प्रस्तुत संदर्भात," सर म्हणाले.

"हो म्हणतायत," काकूंनी सांगितलं.

मेंदूला झटका आल्यापासून सरांना समजत सगळं होतं, पण बोलणं गेलं होतं. पाणी, चहा, बायकोचं नाव, काही काही जिभेवर येत नव्हतं. उरली होती ती फक्त जन्मभर प्रबंधांत घासलेली वाक्यं. भूक लागली की "या पार्श्वभूमीवर". कंटाळा आला की "अधिक संशोधनाची गरज आहे". काकू तेवढ्यावर संसार रेटत होत्या.

विभागात कळलं असतं, तर पोरीला नवा मार्गदर्शक, नवा विषय. वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात. म्हणून दोघींनी तोंड शिवलं. विभागातल्या एकालाही संशय आला नाही. बैठकीत सरांचं कौतुकच झालं.

धास्ती होती ती आजच्या तोंडी परीक्षेची. बाहेरून येणारे परीक्षक भल्याभल्यांना रडवणारे.

ते लेकीचा हात धरून आले. प्रबंध बराच वेळ चाळला. मग चष्म्यावरून पाहिलं.

"विषयाची व्याप्ती लक्षात घेता?"

वकीलबाई घडाघडा बोलली. ते ऐकत राहिले.

"तथापि, असेही म्हणता येईल?"

तिने तेही परतवलं. मग त्यांनी मान सरांकडे वळवली. मागच्या बाकावर काकू पुढे सरकून बसल्या.

"वरील विवेचनावरून असे दिसून येते," सर म्हणाले.

"हे नमूद करणे अगत्याचे ठरते," परीक्षक म्हणाले.

"अधिक संशोधनाची गरज आहे."

"निश्चितच, काही अंशी."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. विभागप्रमुख भराभरा लिहून घेत होते. "फार मूलगामी चर्चा," ते शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले.

परीक्षकांनी सही केली. पदवी मिळाली. वकीलबाई काकूंच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

बाहेर व्हरांड्यात दोघं म्हातारे हातात हात घेऊन बसले होते. परीक्षकांची लेक पाण्याची बाटली घेऊन काकूंजवळ आली. इकडेतिकडे पाहून तिने आवाज खाली आणला.

"काकू, सरांना झटका कधी आला? आमच्या बाबांना दोन वर्षं झाली."