अर्ध्या मिनिटाची भेट

सायकल शर्यतीत एक रीत आहे. वाटेत एखाद्याचं गाव लागलं, की बाकीचे वेग कमी करतात आणि त्याला घरच्यांना भेटायला पुढे सोडतात. आमच्या गल्लीतल्या पोराला आज असं अर्धं मिनिट मिळालं. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, दारातच उभ्या होत्या. आम्ही शेजारी जरा जास्तच टाळ्या वाजवत होतो.

एक पाय जमिनीला टेकवून त्याने आईला मिठी मारली.

"बाबा कुठेत?"

"आत्ताच डोळा लागलाय. रात्रभर खोकत होते."

"झोपू दे. उद्या जिंकलो की मीच फोन करीन त्यांना."

शर्यतीतली शेवटची गाडी दिसेनाशी होईपर्यंत काकू हसून हात हलवत राहिल्या.



मग आम्हाला म्हणाल्या, "सकाळपासून थांबलात. चला, आता उचला त्यांना."