मुद्दाम टाकलेली चूक

आईची तेरवी झाली, पाहुणे गेले आणि मी गावी, हट्ट्याच्या घरातूनच ऑफिसचं काम सुरू केलं. आमच्या सॉफ्टवेअरमधला कोड सकाळपासून चारदा बदलला, तरी प्रोग्राम जुनंच उत्तर देत होता. शेवटी टीममधल्या शितलला फोन लावला.

"कोडमध्ये मुद्दाम एक चूक टाक," ती म्हणाली. "प्रोग्राम बोंबलला तर तो तुझीच फाईल वाचतोय. नाही बोंबलला तर आधी कधीतरी इन्स्टॉल केलेली जुनी कॉपी चालू आहे. तू लिहिलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये."

मी चूक टाकली. प्रोग्राम बोंबलला नाही. जुनी कॉपी काढून नवी बसवली आणि पाच मिनिटांत काम झालं.

आई गेल्यापासून अप्पा कशालाच काही म्हणत नव्हते. त्या दुपारी मी वरणात मुद्दाम मीठ घातलं नाही. अप्पांना ताट वाढून मी समोर बसले. अप्पांनी भाकर कुस्करली, वर वरण ओतलं आणि खाऊ लागले.

"अप्पा, वरण कसं झालंय?"

"बराबर झालंय बाई. काहून?"

"काही न्हाई."

त्यांनी आणखी एक पळी वरण मागून घेतलं. मीही माझं ताट वाढून घेतलं आणि दोन भाकरी खाऊन उठले.

हात धुताना आठवलं, वरण अळणी होतं. खाताना कळलं नव्हतं.