पळण्याचे चौदा शब्द

'पळून जाणं' याला इंग्रजीत चौदा शब्द आहेत आणि अख्ख्या मध्यप्रांतात ते सगळे आपल्यालाच येतात, असं कृष्णकांत मास्तर भेटेल त्याला ऐकवायचे. वर्षभर महाल वस्तीतल्या पोरांकडून त्यांनी ते छडीच्या धाकाने घोकून घेतले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली. गावाला नकोशा झालेल्या माणसाचा पुतळा, म्हणजे बडग्या, जाळायला नेताना पोरं "घेऊन जा गे मारबत" ओरडतात. यंदा मात्र ती ओरडत होती, "फ्ली! बोल्ट! डिकॅम्प!"

मास्तर हरखून ओट्यावर आले. "व्हेरी गुड! बट 'ॲबस्कॉण्ड' राहिला!"

पोरांनी लगेच तोही जोडला.

"अहो, आत या," दारातून चारुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "आधी तो बडग्या बघा."

मास्तरांनी बघितलं. काळा कोट, तारेचा चष्मा, हातात छडी.

ते आत गेले आणि आपली छत्री घेऊन बाहेर आले.

"हे राहिली ना गा! हिच्याशिवाय लोक ओळखतील कसे मले?"