शनिवारचा टॅब

“माझ्याबद्दल तुला काय काय माहीत आहे, ते खरं खरं सांग.”

हे टॅबला विचारायची पैज मैत्रिणींची, आणि टॅब भोंग्याचा. मोठ्या आवाजावरून पडलेलं हे नाव तिला हल्ली आवडायला लागलं होतं. महिन्यापूर्वीच शाळेच्या सूचना माईकवर वाचायचं काम तिला मिळालं होतं. मधल्या सुट्टीत तिघी टॅबवर वाकल्या. शाळेने दिलेले टॅब फक्त शनिवारी आणायचे, एरवी घरीच. त्यात ‘सोबती’ नावाचं ॲप होतं. मनातलं लिहायचं, ते उत्तर देतं.

आता कुठलं गुपित फुटतंय, याची दोघींना कोण घाई.

उत्तर आलं. ‘चार महिने तुला नीट झोप नाही. सगळ्यांना हसवतेस आणि न्हाणीघरात नळ सोडून रडतेस. मंगळवारी लिहिलंस, मी नसले तरी या घराचं काही अडणार नाही.’

कोणी हसलं नाही. एकीने भोंग्याच्या पाठीवर हात ठेवला, काचेच्या भांड्यावर ठेवावा तसा.

भोंग्याने टॅब उलटा केला. कोणाला बोललात तर बघा, म्हणाली. पण तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही गेला नाही.

मैत्रिणींच्या पोटात राहिलं नाहीच. शाळा सुटायच्या आत समुपदेशक बाईंचं बोलावणं आलं. बाईंनी दार लावलं, टॅब चाळला.

“बहुतेक रोज सकाळी अकराला लिहितेस?”

भोंग्याने त्यांच्या मागच्या भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. सोमवार ते शुक्रवार, अकराच्या रकान्यात तास होते.

“हो,” ती म्हणाली.

वेळेवर कळलं ते बरं झालं, असं बाई म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे मोठ्यांना सात-सात महिने नंबर लागत नाही; विद्यार्थ्यांसाठी मात्र ते सोमवारी शाळेतच येतात, आई-बाबांना घेऊन ये. घरी आजच सांग, नाहीतर संध्याकाळी मी फोन करते. आणि तोवर माईक दुसऱ्या कोणाकडे देऊ.

माईकचं ऐकून भोंग्याने दप्तरातला सूचनांचा कागद काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. मग मान हलवली.

घरी आई शिलाई मशीनवर कोणाच्या तरी पँटची चेन बदलत होती. “आल्या बाईसाहेब. शेजाऱ्यांनो, कानात बोळे घाला.” बाबा हसले. आईच्या बोलण्यावर अख्खी इमारत हसायची.

भोंग्याने दप्तरही उतरवलं नाही. ‘सोबती’वर लिहिलेलं शाळेला कळलंय, सोमवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे आणि तिघांनी जायचंय, हे तिने एका दमात सांगितलं.

मशीन थांबलं. बाबा उठून तिच्याजवळ आले. “बाळा, तुला काय होतंय?”

“मी ठरवलंय,” भोंगा आईकडे बघत म्हणाली. “कागदावर नाव माझंच राहू दे. पण आत डॉक्टरांसमोर मी बसणार नाही. आई, लिहिलंयस तू, तर बोलायचंही तूच.”